डोरीन्सचं नाव तू घेतलं नाहीस

हृषी,

शनिवारी टेक्ससमध्ये, प्लेनोला, तुझी शोकसभा झाली. तुझ्या बायकोनं, केतकीनं, दोन दिवस बसून स्लाइडशो केला होता. पुण्याच्या गच्चीवरचा तू, पुढचे दोन दात पडलेला. मुंजीतला तू, चकोट केलेला आणि रडवेला. मग टेक्ससमधलं हायस्कूल, कॉलेज, टोपी आणि गाऊन. त्यानंतरची स्लाइड आली ती थेट रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या दिवसाची. पांढरा कोट, खिशावर नाव, चेहऱ्यावर ते तुझं बंद ओठांचं हसू. मध्ये काहीच नव्हतं. बावीस वर्षांचा मुलगा पुढच्याच फोटोत सव्वीसचा झाला आणि भरलेल्या हॉलमध्ये कुणाला ते खटकलं नाही.

माझ्या शेजारी एक काका बसले होते. ते हळू आवाजात त्यांच्या बायकोला म्हणाले, "मुलगा पहिल्यापासून हुशार. सगळं शिक्षण इथेच झालं ना." काकूंनी मान डोलावली. मग तुझ्या हॉस्पिटलचे एक सीनियर डॉक्टर बोलायला उभे राहिले. चांगला माणूस वाटला. ते म्हणाले, हृषी अतिशय फेअर होता, रेसिडेन्सीसाठी येणारे शेकडो अर्ज तो एकाच मापानं मोजायचा, कधी कुणाची भीड ठेवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले.

शोकसभेत भांडायचं नसतं एवढं मला कळतं. म्हणून श्रूजबरीला घरी आले, दवाखान्यातून दोन दिवस रजा घेतली आणि आता तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू ऐकणार नाहीस. पण तसंही गेल्या चौदा महिन्यांत आपण कुठे एकमेकांचं ऐकत होतो.

आधी तुझ्या मरण्याबद्दल बोलते, कारण त्याचा राग सगळ्यात ताजा आहे. दोन दिवस छातीत जळजळत होतं आणि तू अँटासिड खाऊन कामावर गेलास. केतकीनं मला सांगितलं तेव्हा मी तिला पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, वय बेचाळीस, वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आलेला. असा पेशंट तुझ्या एखाद्या इंटर्ननं अँटासिड देऊन घरी पाठवला असता तर तू त्याला उभा सोलला असतास. शेवटी पडलास तेही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, इमर्जन्सीच्या दारापासून दोन मिनिटांवर. तुला कधीच कुणाला सांगता आलं नाही की मला मदत लागते आहे. जिथे एकदा ती मिळाली होती, ती जागाच तू पुसून टाकलीस.

तर ती चार वर्षं.

आपण दोघंही आईवडिलांच्या व्हिसावर लहानपणी इथे आलेलो. एकवीस पूर्ण झाले आणि त्या व्हिसातून आपलं नाव गळलं. शाळा इथे, कॉलेज इथे, पण कागदोपत्री परदेशी. इथल्या मेडिकल स्कूलांनी मार्क पाहायच्या आधी कागद पाहिले. मग उरलं ते कॅरिबियनमधलं ते बेट, जिथे एका टेकडीवर एक मेडिकल स्कूल होतं आणि आपल्यासारख्या कुठेच न बसणाऱ्या मुलांना घेत होतं. बेटाचं आणि स्कूलचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथे अजून मुलं शिकतात. पण तुझ्यासारखं लाजून गाळत नाही आहे, एवढं लक्षात ठेव.

पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये मी फोनवर आईला म्हणत होते, "मी काय करून राहिले ते मलाच माहीत," आणि मागून कुणीतरी हसलं. तू होतास. म्हणालास, "नागपूर का?" मी म्हटलं, "आणि तू पुण्याचा असणार, न विचारता हसलास त्यावरून." दुसऱ्या दिवशी तू मला डोरीन्समध्ये घेऊन गेलास.

डोरीन्स म्हणजे त्या बेटावरची स्वतःची फास्ट फूडची चेन. नऊ दुकानं, पिवळ्या भिंती, लाल अक्षरं. मिस डोरीननं बस स्टँडजवळच्या एका खिडकीतून चिकन तळून विकायला सुरुवात केली होती आणि आपण गेलो तेव्हा बेटावरच्या प्रत्येक गावात तिचं दुकान होतं. कांद्याची पात, लसूण, थाईम आणि ती पिवळी जहाल मिरची वाटून त्यात चिकन आदल्या दिवशीच मुरवायचं. सोबत बेक, म्हणजे आपली जाडजूड पुरीच. तू अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरातला. पहिल्या महिन्यात तू फक्त बेक आणि मिरचीची चटणी खाल्लीस. दुसऱ्या महिन्यात मिस डोरीन स्वतः काउंटरवर होती. तुला बघून म्हणाली, "हा उंच मुलगा रोज नुसती भाकरी खातो. याला कुणी काही सांगितलंय का?" तू लाल झालास आणि चिकन मागितलंस. आईला पुढे कित्येक वर्षं सांगितलं नाहीस. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

आपण दुसऱ्या वर्षाला असताना अमेरिकेतल्या एका बड्या चेननं डोरीनच्या मुख्य दुकानासमोर दुकान उघडलं. पहिले पंधरा दिवस रांगा लागल्या. वर्षभरात ते बंद झालं. तू त्याच्यावर आम्हाला लेक्चर द्यायचास, आठवतं? अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक बाजूला ठेवून तू म्हणायचास, "बघ, ही बाई कुणासारखी व्हायला जात नाही. बोर्डावर स्वतःचं नाव लावते आणि तेच विकते. आपल्याला हे जमायला पाहिजे." हे तू म्हणालास. मी नाही.

मग वादळ आलं.

त्याबद्दल मी तुला काय सांगणार. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, कारण तू कुणालाच सांगितलं नाहीस. एका दिवसात बेटाचा रंग बदलला. हिरवे डोंगर पानं ओरबाडल्यामुळे तपकिरी झाले. होस्टेलचं छप्पर उडालं. वीज नाही, पाणी नाही, फोन नाही. स्कूलनं विमानांची सोय केली, पण विमान अमेरिकेला जाणार, त्यामुळे आधी अमेरिकन पासपोर्टवाले. मग व्हिसाचे कागद धड असलेले. माझी कागदांची फाइल होस्टेलच्या खोलीत लगदा होऊन पडली होती. तुझी तू झिपलॉकच्या पिशवीत घालून पोटाला बांधली होतीस.

राहायला जागा नव्हती. आपण चालत खाली गावात गेलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. डोरीनच्या नऊपैकी सात दुकानांची छपरं गेली होती. मुख्य दुकानाचा स्लॅब टिकला होता. ती मागच्या अंगणात गॅसच्या मोठ्या शेगड्या लावून उभी होती. कोल्ड स्टोअरेज बंद पडलेलं, त्यातलं सगळं चिकन सडायच्या आत शिजवायचं आणि येईल त्याला द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. आपल्याला पाहून तिनं विचारलंही नाही. "डॉक, तू पाणी आण. आणि तू, मुली, लसूण सोल. झोपायला मागे कोठीत जागा आहे."

कोठीत पिठाची पोती आणि तेलाचे डबे होते. त्यांच्यामध्ये आपण अकरा दिवस राहिलो. तिची सहा वर्षांची नात रेनी, डोरीन आणि आपण दोघं. चिकन दोन दिवसांत संपलं. मग वादळात पडलेली ब्रेडफ्रूटं, म्हणजे आपले नीरफणस, भाजली, खारवलेले मासे उकडले, पिठाचे गोळे रश्शात सोडले. तू ते गोळे असे एकसारखे वळायचास की डोरीन वैतागायची. "डॉक, हे ऑपरेशन नाही. माणसं उभी आहेत." रेनी दिवसभर तुझ्या मागे असायची. तू तिला 'गप बस' म्हणायला शिकवलंस आणि ती रांगेतल्या मोठ्या माणसांना ते म्हणत सुटली.

पाचव्या दिवशी स्कूलचा माणूस यादी घेऊन आला. यादीत तुझं नाव होतं. माझं नव्हतं.

तू त्याला म्हणालास, "हिचं?"

तो म्हणाला, "तिच्या कागदांचं बघतोय. तू चल, गाडी थांबली आहे."

तू म्हणालास, "मग मीही नंतर."

मी तुला मागे नेऊन ओरडले. मूर्खपणा करू नकोस, जा, पुढचं विमान कधी येईल कुणाला माहीत. तू म्हणालास, "अनघे, मी तुला इथे टाकून गेलो तर तू आयुष्यभर ऐकवशील. त्यापेक्षा गोळे वळतो." आणि परत जाऊन शेगडीपाशी उभा राहिलास. आठव्या दिवशी मला ताप भरला. डोरीननं मला पोत्यांवर निजवलं आणि तू दर तासाला उकळलेलं पाणी घेऊन यायचास, कपात, बशीनं झाकून. मी डोळे उघडायचे तेव्हा तू असायचास. अकराव्या दिवशी माझ्या कागदांची सोय झाली आणि आपण दोघं एकाच विमानानं निघालो.

हे मी विसरलेले नाही. मी हे अठरा वर्षं उराशी धरून आहे आणि म्हणूनच मला तुझा इतका राग येतो. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. तू विमान सोडलेला माणूस होतास.

शनिवारी सभा संपल्यावर तुमच्या घरी तुझ्या आईनं मला किचनमध्ये जवळ घेतलं. काकू खूप थकल्या आहेत. मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या वादळात शाळेच्या शेल्टरमध्ये होतात ना गं? हृषी म्हणायचा, सोय चांगली होती."

मी विचारलं, "शेल्टर?"

"हो ना. त्यानं तेवढंच सांगितलं. त्या दिवसांविषयी बोलायला आवडायचं नाही त्याला."

शेल्टर. डोरीनच्या अंगणाचं, तिच्या शेगड्यांचं, त्या कोठीचं तू शेल्टर केलंस. आपल्या आईलासुद्धा तू त्या बाईचं नाव सांगितलं नाहीस. चिकनचं लपवणं मी समजू शकते. माणूस लपवणं मला समजत नाही. मी काकूंना त्या वेळी काही बोलले नाही. पण केतकीला म्हटलं, माझ्याकडे त्या वर्षांचे फोटो आहेत, पाठवू का? ती गोंधळली. म्हणाली, "तो म्हणायचा, सगळे पाण्यात गेले." मग थोड्या वेळानं म्हणाली, "नको, अनघा. त्याला आवडलं नसतं."

तिचं बरोबर आहे. तुला आवडलं नसतं.

हे एकदम झालं नाही, मला माहीत आहे. राहिलेलं शिक्षण आपण स्कूलनं इकडे भाड्यानं घेतलेल्या वर्गांत पूर्ण केलं. मग रेसिडेन्सीसाठी अर्ज आणि पहिल्या दोन इंटरव्ह्यूंमध्ये तुला त्यांनी तोंडावर विचारलं, की आयलंडवर का जावं लागलं, इथे का जमलं नाही. दुसऱ्या इंटरव्ह्यूनंतर तू मला फोन केलास. तू म्हणालास, "ते माझ्याकडे असे बघत होते यार, की मी कॉपी करून पास झालोय." मीही तेच ऐकत होते, दुसऱ्या शहरात. त्या दिवशी आपण दोघांनी एकत्र शिव्या घातल्या आणि मोकळे झालो. निदान मी झाले. तू ठरवून टाकलंस की हा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही अशी व्यवस्था करायची.

मग तू 'अब्रॉड शिकलो' म्हणायला लागलास. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर तुझी माहिती रेसिडेन्सीपासून सुरू झाली. तुझ्या लग्नात मी कुणाला तरी सांगत होते की आम्ही दोघं एका चिकनच्या दुकानात राहिलोय, तर तू हसत येऊन विषय बदललास. सात-आठ वर्षांपूर्वी तुमच्या नव्या घरी राहायला आले होते तेव्हा तुझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, व्हेअर डिड यू गो टू मेडिकल स्कूल?" तू म्हणालास, "ऑन अ बीच." ती हसली. मी तुझ्याकडे पाहिलं, तू डिशवॉशर भरत होतास. नंतर मी गाडीत बसताना म्हटलं, "तिला सांगायला काय हरकत होती?" तू म्हणालास, "सांगेन ना, मोठी झाल्यावर." मी तेव्हा भांडायला हवं होतं. मी म्हटलं, बरं. अशी माझीही बरीच 'बरं' आहेत, त्यांचा हिशेब माझ्याकडे.

आणि मग मागच्या वर्षीचा सप्टेंबर.

रेनी डॉक्टर झाली होती. त्याच टेकडीवरच्या स्कूलमधून, बेटाच्या सरकारची शिष्यवृत्ती घेऊन. मिस डोरीन आता ऐंशीच्या पुढे. तिनं मला व्हॉइस मेसेज पाठवला, मधे मधे खोकत. रेनी तिकडे रेसिडेन्सीसाठी अर्ज करते आहे, त्यात टेक्ससमधलं एक हॉस्पिटल आहे, तिनं नाव शोधलं तर आपला उंच डॉक तिथे मोठा माणूस आहे. काही नको, फक्त त्याला सांग की ती माझी रेनी आहे.

मी तुला दुपारी फोन केला, तू गाडीत होतास. मी खूश होते रे. मला वाटलं तू ऐकून वेडा होशील.

तू म्हणालास, "कुठली रेनी?"

मी म्हटलं, "गप बस."

तू हसलास. खरं हसलास, दोन सेकंद. मग म्हणालास, "अनघा, तो अर्ज माझ्यापर्यंत येणारच नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडे फिल्टर आहे. कॅरिबियन स्कूल्स आधीच बाजूला जातात. कुणी उघडत नाही."

"कुणी लावला फिल्टर?"

फक्त इंडिकेटरचा टिकटिक आवाज येत होता. मी पुन्हा विचारलं.

"कमिटीनं," तू म्हणालास. मग म्हणालास, "मी सुचवला होता. अर्ज फार येतात. कुठेतरी कट करावंच लागतं."

मी म्हटलं, "ठीक आहे. तू रेसिडेन्सीचा असोसिएट डायरेक्टर आहेस. एक अर्ज उघड. घे म्हणत नाही, इंटरव्ह्यू दे म्हणत नाही. वाच फक्त."

"एक उघडला तर सगळे उघडावे लागतील."

"मग उघड ना सगळे."

"तुला माहीत नाही तिथे कसं बोलतात. आयलंड ग्रॅड म्हटलं की खोलीतले चेहरे कसे होतात."

"मला माहीत नाही? मला?"

"मग तुला कळायला पाहिजे. मी त्यांना काय सांगू?"

"सांग की मी तिथलाच आहे. तू समोर बसला आहेस ना. तुझ्याकडे बघू दे त्यांना."

तेव्हा तू ते वाक्य बोललास. अगदी शांतपणे, थकलेल्या आवाजात. "ते म्हणतात मी एक्सेप्शन आहे. मला एक्सेप्शनच राहू दे, अनघा."

त्यावर मी जे बोलले ते मला पाठ आहे, तुलाही असेल. मी म्हटलं, त्या दिवशी डोरीननं अंगणाच्या दाराशी फिल्टर लावला असता तर आपण दोघं तिथेच मेलो असतो. मी म्हटलं, तू तिचं मीठ खाल्लंस आणि तिची नात दारात आल्यावर कडी लावलीस. आणखीही बोलले, तुझ्या बापाबद्दल, जे बोलायला नको होतं. तू म्हणालास, "डोन्ट कॉल मी अबाउट धिस अगेन," आणि फोन बंद केलास. आपल्या भांडणात तू इंग्लिशमध्ये गेलास की ते संपलेलं असायचं.

रेनीला तुमच्याकडून नकार आला, मशीननं पाठवलेला, दोन ओळींचा. तिला असे बरेच आले. मी डोरीनला सांगितलं की अर्ज खूप असतात, हृषीच्या हातात नसतं. मी ते सांगितलं, तुझ्यासाठी. आणि त्याबद्दलही मला तुझा राग आहे, की तुझं खोटं मला माझ्या तोंडानं बोलावं लागलं.

चौदा महिने आपण बोललो नाही. तुझे सणांचे फॉरवर्ड यायचे, सगळ्यांना पाठवलेले, मीही सगळ्यांत. या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, तुझा वेगळा मेसेज आला. "फोन करू का?" तेवढंच. मी फराळाची ताटं भरत होते. वाचला, फोन उलटा ठेवला. म्हटलं, थांबू दे थोडं. मला वाटलं, मी तुला थांबायला लावलं तर तुला कळेल. मी मनात वाक्यं जुळवत होते, या वेळी काय काय ऐकवायचं त्याची. दहा दिवसांनी केतकीचा फोन आला.

तू काय बोलणार होतास? मी त्याच्यावर खूप विचार केला आहे आणि आता थांबवला आहे. लोक मला म्हणतील की त्याला माफी मागायची असेल. माझी आई कालच म्हणाली. मी तिला म्हटलं, कशावरून? कदाचित तुला मुलीच्या शाळेबद्दल विचारायचं असेल. कदाचित छातीत दुखायला लागलं असेल आणि डॉक्टर म्हणून मला विचारायचं असेल, आणि मी फोन उलटा ठेवला. हा विचार मला सहन होत नाही, म्हणून तो मी तुझ्यावर ढकलते. तू सरळ कॉल का नाही केलास? परवानगी कसली मागत होतास? कोठीत दर तासाला पाणी आणताना विचारायचास का मला?

मी तुझ्या तोंडी पश्चात्ताप घालणार नाही. तो तुझा होता की नव्हता, तू सांगितला नाहीस. तुझ्याबद्दल सोयीचं गृहीत धरायचं काम शनिवारी पुष्कळ लोकांनी केलं.

काल सकाळी मी रेनीला फोन केला. तिला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात जागा मिळाली आहे, जुलैपासून इंटर्न आहे. तू गेल्याचं मी तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, "कशानं?" मी सांगितलं. दोन दिवस अँटासिड, हेही सांगितलं. ती म्हणाली, "दोन दिवस?" अगदी डॉक्टरच्या आवाजात.

मग म्हणाली, "मला तो फार आठवत नाही. उंच होता. मी त्याच्या पायावर उभी राहायचे आणि तो चालायचा." आणि मग, "तो टेक्ससला कुठे होता?"

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

"मी तिथे अर्ज केला होता."

"माहीत आहे."

"त्याला माहीत होतं?"

हृषी, मी या वेळी तुझ्यासाठी खोटं बोलले नाही. मी सगळं सांगितलं. फिल्टर कुणी सुचवला, मी फोन केला होता, तू काय म्हणालास. एक्सेप्शनचं वाक्य जसंच्या तसं. आणि विमानाचंही सांगितलं, कारण तेही खरं आहे आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीला काय कळणार होतं की हा माणूस यादीत नाव असून तिथे उभा आहे.

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "ग्रॅनीला यातलं फक्त विमानाचं सांगा." मी म्हटलं, बरं. मग तिला राउंडला जायचं होतं, पण ती फोन ठेवेना. जरा वेळानं म्हणाली, "अनघा आँटी, आमच्याकडेही फिल्टर आहे. मला चुकून घेतलं, एक जागा ऐन वेळी रिकामी झाली म्हणून. मागच्या आठवड्यात अर्जांची मीटिंग होती. इंटर्नतर्फे मला पाठवलं होतं."

"मग?"

"मी हात वर केला. म्हटलं, मी त्या स्कूलची आहे, माझं काम तुम्ही चार महिने बघताय, तर तिथले अर्ज उघडून वाचाल का."

"काय म्हणाले?"

"सगळे डायरेक्टरकडे बघायला लागले. मग डायरेक्टर म्हणाल्या, बघू."

"घाबरली नाहीस?"

"खूप. पण वर केलेला हात खाली घेतला नाही."

एवढंच करायचं होतं, हृषी.